दोन्ही खळग्यांत दाणा

२००७ साल. मी तेव्हा एकोणपन्नास वर्षांचा होतो आणि माझी पाठ बोलायला लागली होती. मार्केट यार्डात तीस वर्षं फळांची ओझी उचलली, आता एका केळीवाल्याच्या टेम्पोवर माल पोचवायचं हलकं काम धरलं होतं. टेकडीच्या पायथ्याशी एक संशोधनाची संस्था आहे, तिच्या माकडखान्यात मंगळवारी आणि शुक्रवारी आमची केळी जायची. तिथं मला परचुरेबाई पहिल्यांदा दिसल्या. दिसल्या म्हणजे भांडल्या.

माझं शिक्षण चौथी, तीही पुरती नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना शुद्धलेखन तपासायचंय त्यांनी इथंच थांबावं.

बाई अंगानं किरकोळ. सुती साडीवर पांढरा कोट, पायात पुरुषी सँडल, डाव्या कानात ऐकायचं मशीन. उजवा कान त्यांचा लहानपणीच गेलेला. मी क्रेट उतरवला तसा त्यांनी हात घालून अगदी तळाचं केळं काढलं.

"वरची चांगली सगळेच ठेवतात," म्हणाल्या. सोललं, उभ्या-उभ्या अर्धं खाल्लं आणि तोंड वाकडं केलं. "पावडरनं पिकवलंय. न्या परत."

"अहो बाई, माकडंच खाणार ना शेवटी?"

"म्हणूनच. तुम्ही खाणार असता तर पोट दुखल्यावर मला येऊन सांगितलं असतंत. यांना सांगता येत नाही."

मी ऐकणाऱ्यातला नाही. भाव, टेम्पोचं भाडं, पुण्यातल्या लोकांचे नखरे, सगळं काढलं. बाईंनी शांतपणे कानातलं मशीन काढलं, पर्समध्ये टाकलं, पर्सचं बटण टक् करून लावलं आणि म्हणाल्या, "हं, बोला आता."

काय बोलणार? माझं तोंड नुसतं हलत राहिलं. पुढं कळलं की वाद संपवायची त्यांची हीच रीत. संस्थेचे डायरेक्टरसुद्धा त्या पर्सच्या बटणाला वचकून असायचे.

त्या भांडणात मी जाळीजवळ गेलो होतो. एका माकडिणीनं आतून हात काढून माझी बाही धरली. झटका दिला की जनावर चावतं, हे मला ठाऊक. मी हात तसाच ठेवला, तिला बटण बघू दिलं. बघून झालं, तिनं सोडलं. बाई हे पाहत होत्या. मशीन परत कानात घालून त्यांनी विचारलं, "जनावराची सवय दिसते."

"बैलं होती घरी. वारज्याला. शेतं होती तवा."

"नोकरी कराल इथं?"

"काय करावं लागंल?"

"मुख्य म्हणजे घाई करायची नाही."

एवढीच मुलाखत. केळी मात्र परत न्यावीच लागली.

बाईंच्या हाताखाली मी दहा वर्षं काढली. माकडांच्या खोलीत शिरताना त्या दारावर टकटक करायच्या. दोनदा वाजवायच्या, थोडं थांबायच्या, मग आत. मला हसू यायचं. एकदा विचारलंच, की आतून कोण 'या' म्हणणार आहे का. तर म्हणाल्या, "यांनी आपल्याला बोलावलं नव्हतं, दत्तोबा. आपण यांना आणलंय, आणि तेही कोंडून. निदान दार तरी वाजवावं."

कोंडलंय हे त्या कधी झाकून बोलल्या नाहीत. बाहेरची माणसं बघायला आली की आमचे लोक 'निवास', 'सदन' असले शब्द वापरायचे. बाई सरळ 'पिंजरा' म्हणायच्या.

जे माकडांना द्यायचं ते आधी स्वतः चाखायचं, हा दुसरा नेम. भिजवलेले हरभरे, पेंडीचे लाडू, औषधाचं कडू पाणीसुद्धा. आणि कागदावर काही चुकलं तर खोडरबर नाही, गिरवागिरवी नाही. चुकलेल्यावर एकच रेघ मारायची, अशी की खालचं वाचता आलं पाहिजे. वर बरोबर लिहायचं, शेजारी सही आणि वेळ. "चूक पुसायची नसते, ठेवायची असते," हे त्यांचं पालुपद. पुसलेल्या फळ्यावर चूक कुठं होती ते कुणालाच कळत नाही, असं म्हणायच्या.

माकडांना नावं ठेवायची मात्र बंदी. नंबर फक्त. मी आल्याच आठवड्यात एकाला 'पैलवान' म्हणालो, तर त्या म्हणाल्या, "नाव ठेवलं की मार्क वाढतात."

"म्हंजे?"

"म्हणजे पैलवान अर्धवट चुकला तरी तुम्ही त्याला बरोबरची खूण द्याल. नऊ नंबरला नाही देणार."

मी मान डोलावली. माझ्याच पोरांच्या बाबतीत हे खरं होतं.

दुसऱ्या वर्षी एक मोठा अभ्यास सुरू झाला. सहा पिल्लं होती. तीन धडधाकट, तीन जन्मतःच अशक्त, अंगात रक्त कमी असलेली. मुद्दाम अशक्त केलेली नव्हेत. तशी करायची सूचना कुणीतरी मांडली होती म्हणे, आणि बाईंनी प्राण्यांवर देखरेख ठेवणाऱ्या कमिटीपुढं साफ सांगितलं की पिल्लांना उपाशी ठेवून मला उपाशीपणा शिकायचा नाही. जन्मतःच तशी असलेली मिळेपर्यंत त्या थांबल्या.

हे सगळं कशासाठी, ते मी विचारलं. बाई पालथ्या बादलीवर बसल्या आणि मला सांगितलं, जसं एखाद्या साहेबाला सांगावं तसं. लहानपणी अंगात रक्त कमी असलेलं पोर शिकण्यात मागं पडतं का? आणि पुढं पोटभर मिळालं तर ते भरून निघतं का? माकडाच्या पिल्लाची वर्षं भराभर जातात, म्हणून त्यांच्यात बघायचं. उद्या अंगणवाडीत पोरांना काय खायला घालायचं हे ठरवणारी माणसं असले कागद वाचतात.

"मला इचारा की," मी म्हणालो. "पोटात काही नसायचं. फळ्यावरची अक्षरं हलायची. म्हणून सुटली शाळा."

मला वाटलं, आता 'अरेरे' म्हणतील. बाईंनी खिशातली वही काढली. "हलायची म्हणजे कशी? डावी-उजवीकडे की वर-खाली? सकाळी जास्त की दुपारी?"

माझ्या उपाशीपणाबद्दल कीव न करता प्रश्न विचारणारं आयुष्यात भेटलेलं हे पहिलं माणूस. मी अर्धा तास सांगत होतो आणि त्या लिहीत होत्या.

परीक्षेची रीत साधी होती. एक मोठा लाकडी खोका. पलीकडच्या बाजूला गजांमागं पिल्लू, अलीकडं मी, मध्ये दोरीनं वर-खाली होणारी फळी. माझ्यासमोर सरकणारा पत्र्याचा ट्रे, त्यात वाटीएवढे दोन खळगे. फळी खाली असताना एका खळग्यात शेंगदाणा टाकायचा आणि दोन्ही खळगे दोन वेगळ्या वस्तूंनी झाकायचे. समजा एकावर निळा डबा, दुसऱ्यावर साबणाची पेटी. दाणा कायम निळ्या डब्याखाली. पण डबा कधी डावीकडे, कधी उजवीकडे, ते बाईंच्या कागदावर ठरलेलं. मग फळी उचलायची, ट्रे पुढं सरकवायचा. पिल्लू एकच वस्तू उचलणार. बरोबर की चूक, खूण करायची. दाणा निळ्याखाली असतो हे त्याला किती खेपांत कळतं, ते त्याचं शिकणं. पंधरा दिवसांनी तीच जोडी पुन्हा दाखवली तर आठवतं का, ती त्याची आठवण. मग नवीन जोडी.

आणि यात बाईंचा एक हुकूम होता. ज्या खळग्यात दाणा नाही, त्यातही हात घालायचा. मोकळ्या हातानं. बोटानं तळ वाजवायचा आणि मग झाकायचा.

"रिकाम्यात कशाला हात घालायचा?"

"घालायचा. दर वेळी. चुकवायचं नाही." तेवढ्यात फोन वाजला आणि त्या गेल्या. कारण सांगायचं राहिलं.

आता माझं ऐका. मी नऊ-दहा वर्षांचा असताना आमचा एक बैल बांधावरून सुटला. मी रिकामी मूठ पुढं केली, खायला देतो असं दाखवून त्याला बोलावलं आणि वेसण धरली. वडिलांनी ते पाहिलं. माझ्या कानाखाली आवाज काढला, घरातून ओंजळभर पेंड आणायला लावली आणि बैलानं ती शेवटच्या कणापर्यंत खाईस्तोवर मला उन्हात उभं केलं. जनावरापुढं रिकामा हात करायचा नाही. आमच्या घरात हे देवासारखं पाळलेलं. आणि ही बाई मला सांगते, रिकामा हात घाल! फळी खाली आहे, पिल्लाला दिसत नाही, हे मला कळत होतं. तरी हात जाईना. शिवाय खरं सांगतो, शेंगदाणा कसा ठेवायचा हे मला कुणी शिकवावं याचा रागही होता.

बाई समोर असल्या की मी दोन्हीत हात घालायचो. पण त्यांना शंभर कामं, बहुतेक वेळ मी एकटाच. एकटा असलो की दाण्याच्या खळग्यात हात, दुसऱ्यावर नुसती वस्तू अलगद ठेवून मोकळा.

त्या सहांत सतरा नंबर होता. अशक्त तिघांतला सगळ्यात अशक्त. हातापायाच्या काड्या, डोळे मोठे. धडधाकट पिल्लं खोक्यात आली की उड्या मारायची. सतरा फळीला लागून बसायचा, मान तिरकी करून. आणि फळी उचलली की बरोबर डबा उचलायचा. नवी जोडी आणा, बघता बघता पक्की. पंधरा दिवसांनी विचारा, बिनचूक.

बाईंच्या मनाईला मान देऊन मी तोंडानं 'सतरा'च म्हणायचो. मनात मात्र त्याला माझंच नाव ठेवलं होतं. दत्तू. उपाशी जन्मलेला दत्तू पोटभर मिळाल्यावर सगळ्यांच्या पुढं गेला. महिन्यामागून महिने मी त्याच्या कागदावर बरोबरच्या खुणा करत होतो आणि दर खुणेला माझी चौथी पास होत होती.

आठव्या महिन्यात बाई कागद घेऊन बसल्या. त्यांच्याकडे निखिल नावाचा तरुण संशोधक होता, हुशार पण उतावळा, तो सतराचे आकडे बघून पेढे आणायला निघाला होता. बाई म्हणाल्या, "थांबा." मला बोलावलं.

"दत्तोबा, आज नवी जोडी आली. हिरवं झाकण आणि लाकडी रीळ. पहिल्याच खेपेला कुणाला कळेल का दाणा कशाखाली आहे ते?"

"न्हाई. कसं कळंल? अजून बघितलंच न्हाई."

"म्हणजे पहिली खेप अंदाजाची. दहा जोड्यांत पाच बरोबर, पाच चूक, असं काहीतरी यायला हवं. सतरा पहिल्याच खेपेला बरोबर येतो. दहांत नऊदा." त्यांनी चष्मा काढला. "प्रश्न विचारायच्या आधी उत्तर देणारा मुलगा हुशार नसतो. त्याला पेपर आधी मिळालेला असतो. रिकाम्या खळग्यात हात घालता ना?"

"घालतो की," मी म्हणालो.

"दर वेळी?"

"दर वेळी."

"मग ठीक," म्हणाल्या आणि मला सोडून बाकी सगळ्या जगावर संशय घेऊ लागल्या.

वस्तूंना वास येतो का म्हणून सगळ्या साबणानं, मग सोड्यानं धुतल्या. खिडकीच्या काचेत माझं प्रतिबिंब दिसतं का म्हणून काचेला काळं कापड लावलं. ट्रे बदलला. एके दिवशी तर पदर खोचून स्वतः सतराच्या जागी गजांमागं जाऊन बसल्या, मान मुडपून, आणि मला म्हणाल्या, "ठेवा दाणा." त्या समोर असल्यामुळं मी दोन्हीत हात घातला. त्यांना काही सापडलं नाही. सापडणार कसं! मी दोन्हीत हात घातला नसता तरी त्या कानांना ते ऐकू येणं कठीण होतं. कारण भानगड आवाजाची होती.

ती मला त्याच आठवड्यात कळली. बाई किंवा निखिल उभे असले की सतरा पहिल्या खेपेला चुकायचा. "माणसं बघून लाजतो तो," असं मी ठोकून दिलं. पण एकटा असताना मी मुद्दाम वाकून फळीच्या फटीतून पाहिलं. सतरा डोळे मिटून, कान फळीला लावून बसला होता. मी डावीकडे दाणा टाकला. पत्र्यावर टक् वाजलं. त्याची मान डावीकडे गेली. निळा, हिरवा, रीळ, पेटी, त्याला कशाचंही देणं-घेणं नव्हतं. आवाज कुठून आला तेवढंच तो धरून ठेवायचा. अशक्त पोर धक्काबुक्कीत जिंकत नाही, ते कान उघडे ठेवायला शिकतं. मला हे दुसऱ्या कुणी सांगायची गरज नव्हती.

तरी मी चार दिवस गप्प राहिलो. माझा दत्तू खाली उतरवायला माझं तोंड उघडेना. आणि 'घालतो की' म्हणालो होतो, तो शब्द मागं घ्यायचा म्हणजे मान खाली घालायची. ती सवय मला नव्हती.

पुढच्या सोमवारी बाई दिल्लीला मोठ्या सभेत, अशक्त सतरा धडधाकटांच्या पुढं गेला, हा निकाल सांगणार होत्या. शुक्रवारी मी केळी धुवत होतो, शेजारच्या खोलीत निखिलचा आवाज चढला.

"मॅडम, ऑब्व्हियस आहे. दत्तूकाका स्किप करत असणार. दुसरं एक्स्प्लनेशनच नाही."

"मी विचारलंय त्यांना. घालतो म्हणाले."

"पण मॅडम, ते अटेंडंट आहेत. त्यांना काय एवढं..."

"निखिल, तुमच्या आकड्यांवर मी विश्वास ठेवते तेव्हा तुमची डिग्री काढून बघत नाही. त्यांनी सांगितलं, तो त्यांचा शब्द आहे. कारण सापडलं नाही असं मी सभेत सांगीन. पण निकाल मांडीन."

मला तो पोरगा अटेंडंट म्हणाला त्याचा राग यायला हवा होता. आला नाही. मला एवढंच दिसत होतं की बाई सोमवारी शंभर शहाण्या लोकांपुढं उभ्या राहणार, अशक्त पोर पुढं आपोआप हुशार होतं असं सांगणार, आणि त्यातला कुणीतरी उद्या म्हणणार, मग लहानपणी पोरांना कमी मिळालं तरी चालतंय की. माझ्या शब्दावर.

मी हात पुसले आणि दारात जाऊन बोललो. "बाई, रिकाम्यात हात घातला न्हाई मी."

बाई कागदात होत्या. निखिलचं बोलणं संपवून मशीन टेबलावर काढलेलं. "काय? थांबा, घालू द्या कानात." घातलं, चाचपलं. "हं. पुन्हा सांगा. मोठ्यानं."

एकदा बोलायलाच माझं अर्धं आयुष्य खर्ची पडलं होतं. पुन्हा बोललो. मोठ्यानं. पलीकडच्या खोलीतली माकडंसुद्धा गप्प झाली. "रिकाम्या खळग्यात हात घातला न्हाई! आठ महिने! तुम्ही इचारलं तवा खोटं बोललो!"

निखिल भिंतीकडे बघायला लागला. बाईंनी हातातला कागद बाजूला सारला. मग म्हणाल्या, "का?"

मी बैलाचं सांगितलं. ती ओंजळभर पेंड सांगितली. फळीला कान लावलेला सतरा सांगितला. बाईंनी मधे एकदाही अडवलं नाही.

"आठ महिने," शेवटी एवढंच म्हणाल्या. मग लाल पेन काढलं. "कागद द्या एकेक."

आम्ही दुपारपर्यंत बसलो होतो. मी कागद द्यायचा, त्यांनी एक रेघ मारायची, सही, वेळ. खालचं सगळं वाचता येत होतं. पहिल्या कागदावर मात्र त्यांनी वर काहीतरी लिहिलं. मी अक्षरं जुळवली. 'चूक माझी. काय करायचं ते सांगितलं, का करायचं ते सांगितलं नाही.' खाली त्यांची सही.

"हे खोटं हाय," मी म्हणालो.

"खरं आहे."

"चूक मी केली. ती तुम्ही कशी घेता? माझी हाय ती!"

"दत्तोबा, अभ्यास माझा आहे. त्यातली चूकही माझी."

"आन खोटं बोललो ते?"

बाईंनी मशीन काढलं. पर्सचं बटण वाजलं.

दिल्लीला त्या गेल्या. निखिलनं पुढं सांगितलं की बाई उभ्या राहिल्या, निकाल मागं घेते म्हणाल्या, रीत चुकली आणि ती आपल्याच हातून चुकली, एवढं बोलून खाली बसल्या. माझं नाव नाही, 'अटेंडंट' हा शब्दही नाही. येताना माझ्यासाठी रेवड्यांचा पुडा आणला. देण्याआधी फोडून एक स्वतः खाल्ली.

मंगळवारी त्यांनी मला खोक्याजवळ बसवलं. "रिकामा हात घालणार नाही तुम्ही?"

"न्हाई. नोकरी गेली तरी."

"मग दोन्ही खळग्यांत दाणा टाका. टक् दोन्हीकडे वाजेल, वासही दोन्हीकडे लागेल. मग एकीकडचा उचलून घ्या. दुसऱ्यालाही नुसतं बोट लावा."

मी विचार केला. "देऊन परत घ्यायचं? ते तर आणखी वाईट."

बाईंनीही विचार केला. खरोखर केला, कपाळाला आठ्या घालून. "उचललेले दाणे एका वाटीत ठेवा. परीक्षा संपली की ती वाटी त्याची. सगळी. मग?"

"मग चालंल," मी म्हणालो.

तीच रीत तिथं पुढं कायम झाली. बाहेरून शिकायला येणारी मुलं विचारायची, वाटी कशाला? बाई म्हणायच्या, "दत्तोबांना विचारा." आणि मला दर वेळी बैलापासून सुरुवात करावी लागायची.

नव्या रीतीनं पहिल्या दिवशी सतरा सपशेल आपटला. दोन्हीकडे टक् वाजलं आणि तो गोंधळून माझ्याकडे बघत राहिला. चूक, बरोबर, चूक, चूक. मी वाटी त्याच्यापुढं ठेवली आणि मागं पाण्याच्या टाकीजवळ जाऊन बसलो. थोड्या वेळानं बाई आल्या.

"सतरा चुकला म्हणून तुम्ही रुसलात?"

"त्याला मी नाव ठेवलंय," मी म्हणालो. "माझं."

मला वाटलं, रागावतील. त्या टाकीच्या कट्ट्यावर शेजारी बसल्या. "नापास नाही झाला तो. आज पहिल्यांदा परीक्षेला बसलाय."

शिकला तो. धडधाकट पिल्लांपेक्षा बराच उशिरा शिकला, पण शिकला. पंधरा दिवसांनी निळा डबा त्याला आठवला, आणि तेव्हा कान फळीला नव्हता. मी बाईंकडे बघितलं. "एका सतरावरून काही सिद्ध होत नाही," त्या म्हणाल्या. पण त्या दिवशीची वाटी त्यांनी माझ्या हातातून घेतली आणि स्वतः त्याच्यापुढं धरली.

अभ्यास संपल्यावर त्या सहांना दुसऱ्या कुठल्या प्रयोगाला देऊ नये म्हणून बाई दोन वर्षं पत्रं लिहीत होत्या. शेवटी झाडं असलेली मोठी जागा मिळाली. सोडायला आम्ही दोघं गेलो. नव्या जाळीच्या दारावरही बाईंनी आधी टकटक केलं.

मग मी निवृत्त झालो, मागोमाग बाईही. दर दिवाळीनंतर मी मंडईतून ओल्या शेंगा घेऊन कर्वेनगरला त्यांच्या फ्लॅटवर जायचो. त्या एक शेंग फोडून चाखायच्या, मग 'बसा' म्हणायच्या. गेल्या वर्षी गेलो तर घरात खोकी बांधलेली. पुणं सोडून भाचीकडे, बंगळूरला निघाल्या होत्या. जिने आता जमत नव्हते.

"रद्दीवाला सकाळी येऊन गेला," म्हणाल्या. "हे मात्र त्याला दिलं नाही. तुमच्याकडे राहू दे." नाडीनं बांधलेला गठ्ठा. वरचाच कागद ओळखीचा. लाल रेघ, आणि वर तेच वाक्य.

"मला यातलं काय वाचता येणार?"

"वाचायचं नाही. ठेवायचं."

मी गठ्ठा काखेत घेतला. दारात चप्पल घालताना राहवलं नाही. "बाई, हे अजून चुकीचंच हाय. चूक माझी होती."

त्या हसल्या. मी तीन जिने उतरून खाली रस्त्यावर आलो आणि वर बघितलं. बाई गॅलरीत उभ्या होत्या. मी गठ्ठा उंच करून ओरडलो, "माझी होती!" रस्त्यावरची दोन माणसं थांबली. बाईंनी सावकाश हात कानाकडे नेला, मशीन काढलं, मला दिसेल असं वर धरलं आणि पर्समध्ये टाकायच्या तसं टाकलं. पर्स हाताला नव्हती. मशीन पायाशी पडलं असावं, कारण त्या खाली वाकल्या आणि कठड्याआड गेल्या. मी थोडा वेळ वाट बघितली. मग बस आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी, चहाच्या आधी, मी वारज्याच्या नाक्यावरून लाल पेन आणलं. गठ्ठा सोडून पहिला कागद पाटावर घेतला. बाईंच्या वाक्यावर एकच रेघ मारली, खालचं वाचता येईल अशी. वर चौथीच्या अक्षरात लिहिलं, 'रिकाम्या खळग्यात हात घातला नाही. विचारल्यावर खोटं बोललो.' शेजारी पूर्ण नाव घालून सही केली आणि वेळ टाकली. सकाळी सव्वासात.